अज्जांच्या आभाळातला शिक्का

संग्रहालयातून निवृत्त झालो असं सांगितलं की लोक माझ्याकडे उगाचच आदरानं बघायला लागतात. कुणी ताम्रपटाबद्दल विचारतं, कुणी खिशातून जुनं नाणं काढून दाखवतं. मग मला कबूल करावं लागतं की बाबांनो, मी मूळचा जकात नाक्यावरचा कारकून. माझी निम्मी नोकरी सोलापुरात, हैदराबाद रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत, ट्रकचा धूर खात गेली. शहरात काहीही शिरायचं असलं, सुताचे गठ्ठे असोत की केळ्यांचे घड, तर आधी माझ्या टेबलासमोर थांबायचं. माझे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठनं आणलं? कुणाचं आहे? कागद कुठे आहेत? उत्तरं पटली की जांभळ्या शाईचा शिक्का, दणकन. न बघता मारला तरी माझा शिक्का सरळ बसायचा, आणि याचा मला अभिमान होता.

पुढे जकात बंद झाली आणि आम्हा नाकेवाल्यांना जिथं रिकामी खुर्ची दिसेल तिथं बसवण्यात आलं. कुणी पाणीपुरवठ्यात गेलं, कुणी जन्ममृत्यूच्या नोंदीत. माझ्या वाट्याला संग्रहालय आलं. चार खोल्यांचं, मोडक्या पंख्यांचं, सुट्टीत शाळेच्या सहलींनी भरणारं आणि एरवी शांत. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती सगळी माझी आहे.

तिथल्या प्रमुख वैद्य मॅडम पुण्याच्या, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला कामाची माहिती दिली. संग्रहालयात वस्तू आली की तिच्याबद्दल विचारायचं, ती कुठून आली, कुणाची होती, पुरावा काय. मी म्हणालो, "मॅडम, हा तर नाकाच झाला." त्या हसल्या. पण मग त्यांनी फरक सांगितला, आणि तो मी तेव्हा नीट ऐकला नाही. नाक्यावरचा माल शहरात जातो आणि विकला जातो. इथं आत आलेली वस्तू बाहेर जात नाही. दाखल नोंदवहीत एकदा ओळ लिहिली की ती खोडता येत नाही. वस्तू परत द्यायची तर सात जणांच्या समितीचा ठराव लागतो. आत यायला एका कारकुनाची सही पुरते, बाहेर पडायला सात मोठी माणसं लागतात.

माणसं काय काय घेऊन येतात म्हणून सांगू! एक गृहस्थ बिस्किटाच्या डब्याचं झाकण घेऊन आले, त्यावर राणीचं चित्र होतं. राणीनं ते आपल्या आजोबांना स्वतः दिलं असं त्यांचं म्हणणं. उजनीच्या काठावरच्या एका गावातून दोघं जण मोटारसायकलवर मधे दगड धरून आले. धरणाचं पाणी उतरल्यावर सापडला, पांडवांच्या वेळचा आहे म्हणाले. तो पाटा निघाला. पण पाटा चांगला होता, मॅडमनी तसं सांगितल्यावर तो ते खुशीनं परत घेऊन गेले. अशा गिऱ्हाइकांना मी नाक्यावरच्या सवयीनं चहा पाजून वाटेला लावत असे.

त्या शनिवारी मॅडम बैठकीला पुण्याला गेल्या होत्या. माझा तिथला दुसराच आठवडा. सकाळचं टपाल आलं होतं आणि मी पत्रांवर 'आवक'चा शिक्का मारत बसलो होतो. तेवढ्यात मल्लिनाथ आले. सात रस्ता चौकाजवळ त्यांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांच्या हातात टॉवेलमधे गुंडाळलेला एक पुठ्ठा होता.

"साहेब, हे आमचे अज्जा," ते म्हणाले. "चौकटीला वाळवी लागली. काच बी फुटली. म्हणून काढून आणलंय. तुमच्याकडं जुनी चित्रं नीट करत्यात असं ऐकलं."

टॉवेल उघडला. पोस्टकार्डाहून थोडा मोठा कागद, मागे जाड पुठ्ठा चिकटवलेला. कागदावर बारीक काळ्या रेघांनी काढलेला एक दाढीवाला म्हातारा वाकड्या झाडाखाली पुस्तक वाचत बसला होता. झाडामागून एका जनावराची पाठ आणि शेपूट दिसत होतं.

"हा नंदी," मल्लिनाथ बोट दाखवून म्हणाले. "आमच्या अव्वाचा, म्हंजे आईचा, लई जीव हाय यांच्यावर. लवकर द्या, बरं का."

मी "हो हो" म्हटलं. नोंदवही उघडली. 'कशी मिळाली' या रकान्यात तीनच शब्द चालत होते: देणगी, खरेदी, हस्तांतर. दुरुस्तीला रकानाच नव्हता. खरेदी तर नव्हती, हस्तांतर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी लिहिलं, देणगी. मल्लिनाथांनी सही केली. दुकानदार माणूस, दिवसाला पन्नास चलनांवर सह्या करणारा, वाचलं नाही. आणि मग माझ्या उजव्या हातानं जे वीस वर्षं केलं होतं तेच केलं. समोर कागद आला होता, तो आत येत होता, त्याला शिक्का हवा होता. दणकन. म्हाताऱ्याच्या डोक्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, एकदम सरळ.

सोमवारी मॅडमनी तो कागद बघितला आणि खुर्चीतून उठल्याच.

"हे काय आहे?"

"शिक्का आहे, मॅडम."

"तुम्ही आभाळात शिक्का मारलात!"

"तिथंच मोकळी जागा होती," मी म्हणालो. हे उत्तर मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

मग त्यांनी भिंग आणलं, कागद उजेडासमोर धरला, आणि मल्लिनाथ काय काय म्हणाले ते मला विचारून घेतलं. शेवटी मला जवळ बोलावून समजावून सांगितलं, आणि तेव्हा जे समजलं ते मी नंतर शेकडो पोरांना सांगितलं, तसंच इथं सांगतो. हे चित्र कागदावर हातानं काढलेलं नाही आणि कॅलेंडरसारखं छापखान्यात छापलेलंही नाही. याला एचिंग म्हणतात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्या मेणात चित्रकार सुईनं रेघा ओढतो. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. मेण आहे तिथं तेजाब शिरत नाही, रेघेत मात्र तांबं खातं. मेण पुसून काढलं की पत्र्यावर खोल रेघांचं चित्र तयार. त्यात शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद रेघांतली शाई उचलतो. पत्र्याच्या कडेचा दाबही कागदावर उमटतो, चारी बाजूंनी एक हलकी खाच. ती खाच बोटाला लागली तर समजायचं, पत्र्यावरनं निघालेला कागद आहे. कॅलेंडरच्या चित्राला ती नसते. आणि त्या काळचा कागद चिंध्या कुटून केलेला असे, म्हणजे आम्हा सोलापूरकरांच्या दृष्टीनं ते कापडच.

"हा पत्रा हॉलंडमधल्या एका फार मोठ्या चित्रकाराचा असावा," मॅडम म्हणाल्या. "साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. आणि हे तुमचे अज्जा एक ख्रिस्ती संत आहेत. मागे नंदी नाही, सिंह आहे."

मग त्यांनी नोंदवही बघितली. देणगी, खाली सही, वर शिक्का, सगळं नियमानं. त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे कागदोपत्री हे आता आपलं झालं."

खोटं कशाला सांगू, त्या वेळी आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं. आमच्याकडे तुटक्या मूर्ती होत्या, गंजलेल्या तलवारी होत्या, पण मोठ्या संग्रहालयात काचेखाली असतं तसं एकही चित्र नव्हतं. आणि हे तर स्वतःच्या पायानं चालत आलं होतं. जगातल्या कितीतरी वस्तू संग्रहालयात अशाच गेल्या असतील, कुणीतरी शिक्का मारला आणि मालकाला उशिरा कळलं.

दोन दिवसांनी मल्लिनाथांचा फोन आला. मी नाक्यावरचं अस्त्र काढलं. "प्रक्रिया चालू आहे, आठ दिवसांनी या."

"आठ दिवस कसं हुईल साहेब? अव्वानं भाकरी सोडलीय."

"म्हणजे?"

"सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा करती, मग अज्जाला विभूती लावती, मगच घास खाती. लगीन व्हायच्या आदीपासनं. चार दिवस झालं, नुसतं दूध अन् केळं चाललंय. वय चौऱ्याहत्तर. तुमीच सांगा मी काय करू?"

मी फोन ठेवला. नाक्यावर मी पुष्कळांचे ट्रक अडवले होते, पण कुणाचं जेवण अडवलं नव्हतं. मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाल्या, "परत द्यायचं. पण ठरावाशिवाय मी ते दाराबाहेर नेऊ शकत नाही. त्यांना इथं बोलवा."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला रिक्षातून गिरिजव्वा उतरल्या. ठेंगण्या, कपाळभर विभूती, हातात कापडी पिशवी. सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही म्हणायला लागलो. मॅडमनी अज्जांना नव्या काचेखाली ठेवलं होतं. अव्वा जवळ गेल्या, बघितलं, आणि थेट आभाळात बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुनी केलं?"

"मी," मी म्हणालो. "चूक झाली, अव्वा."

"तुमी व्हय ते शिक्केवाले." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अज्जाचा चष्मा तरी वाचला."

अज्जांना चष्मा नव्हता, पण दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही. मॅडम मात्र सरळ माणूस. त्यांनी अव्वांना खुर्ची दिली आणि खरं काय ते सगळं सांगितलं. हे चित्र परदेशातलं आहे, हा साधू ख्रिस्ती आहे, मागे नंदी नसून सिंह आहे. मी दाराशी उभा राहून घाबरत होतो.

"गोत्तु," अव्वा म्हणाल्या. मला ठाऊक आहे. "माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर व्हते. बसप्पा. बंगल्यावर सायबाचा पंखा नीट करायला जायचे अन् या चित्राफुडं उभं राहायचे. साहेब मायदेशी निघाला तवा त्यानं दिलं. ह्यो त्यांचा देव हाय हे वडलांनी तवाच सांगितलं. पन म्हातारा वाचत बसलाय बाई. कुनाच्या देवाचं वाचतोय ते आपुन कशाला इचारायचं?"

"आणि सिंह?" मी विचारलं.

"बसून हाय का न्हाय गप? मग नंदीच."

पुढे अव्वांनीच विचारलं, एका पत्र्यावरनं किती चित्रं निघतात? मॅडम म्हणाल्या, शेकडो. हेच अज्जा लंडनला असतील, पॅरिसला असतील, अमेरिकेतही असतील. खरं तर आपला कागद पत्रा बराच झिजल्यावर निघालेला दिसतो, रेघा पुसट आहेत.

"तितं त्यांची पूजा कोन करतं?"

"कुणी नाही."

अव्वांना फार वाईट वाटलं. "मग तितले अज्जा उपाशीच की," असं म्हणून त्यांनी विभूतीची डबी काढली.

मॅडमनी नियम सांगितला. उदबत्ती नाही, पाणी नाही, फूल नाही, पण काचेला विभूती चालेल. अव्वांनी तीन बोटं ओढली, हात जोडले, आणि मग पिशवीतून डबा काढून माझ्याच टेबलावर उघडला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. पाच दिवसांनी अव्वांनी भाकरी मोडली, ती माझ्या नोंदवहीशेजारी.

"ऊटा आतेन्री?" त्यांनी मला विचारलं. जेवण झालं का?

मी नाही म्हटलं, आणि अर्धी भाकरी माझ्यासमोर आली.

सव्वा महिना हे असं चाललं. रोज साडेदहाला रिक्षा, विभूती, भाकरी. सहलीतली पोरं विचारायची, या कोण? मी सांगायचो, या चित्राच्या मालकीण. विचारणाऱ्या मास्तरांना हे पटत नसे, कारण शेजारच्या पाटीवर संग्रहालयाचं नाव होतं. त्या सव्वा महिन्यात मॅडमनी आणखी एक काम केलं. अज्जांच्या मागचा पुठ्ठा खळीनं चिकटवलेला होता. तो ओलावा देऊन, तांदूळ निवडावेत तसा, कणाकणानं त्यांनी सोडवला. संग्रहालयाच्या धंद्यात चित्राच्या दर्शनी बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते, असं त्या नेहमी म्हणायच्या. मागे पेन्सिलीनं इंग्रजीत दोन ओळी होत्या. मॅडमनी मला वाचून दाखवल्या. 'बसप्पा फिटरला. तू याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलंस.' खाली कुर्डुवाडी. सहीचं अक्षर लागत नव्हतं.

मी त्या ओळींकडे बघतच राहिलो. कुठनं आलं, कुणाचं आहे, कागद कुठे आहे. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कागदाच्या पाठीवर होती आणि मी उलटून न बघता शिक्का मारला होता.

समितीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "शिक्का बसला म्हणजे मालमत्ता आपली. शिवाय वस्तू दुर्मीळ आहे. परत का द्यायची?" दोघातिघांनी माना हलवल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी लेखी खुलासा आणला होता, तो वाचायचा होता. पण उभा राहिलो आणि कागद बाजूला ठेवला.

"साहेब, त्यांनी दुरुस्तीला दिलं होतं. मी देणगी लिहिलं, कारण दुरुस्तीला रकाना नव्हता. मी वीस वर्षं नाक्यावर काढलीत. कागद पुरे असताना दुसऱ्याचा माल अडवून ठेवला तर त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. या मालाचा कागद मागच्या बाजूला आहे. चूक माझी, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

अध्यक्षांनी कागद उलटून त्या दोन ओळी वाचल्या, मग शेजारच्यांना दिला. तो सातही जणांच्या हातून फिरला. ठराव झाला. माझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाबद्दल ताकीद लिहिली गेली, लाल शाईत. घरी बायको म्हणाली, दुसऱ्यांच्या वस्तूंवर शिक्के मारत फिरलात, आता तुमच्यावर बसला. मला तेव्हाही हसू आलं होतं.

अज्जा घरी गेले, नवी चौकट, नवी काच, मागे वाळवी न लागणारा पुठ्ठा. शिक्का मात्र तसाच राहिला. मॅडमनी मुंबईच्या एका जाणकाराला विचारलं होतं. ते म्हणाले, काढता येईल, पण शाई पसरली तर आभाळ जांभळं होईल. अव्वांना विचारलं. त्या म्हणाल्या, "असू द्या. अज्जानं एवडं सोसलं, तेवडं बी सोसतील." नोंदवहीतली ओळही तशीच राहिली, शेजारी 'परत' असा शेरा. मॅडमनी नव्या नोंदवहीत एक रकाना वाढवला, तात्पुरती आवक. माझी संग्रहालयाला देणगी कुठली विचाराल तर तो रकाना.

वर्षं गेली. मी क्रमांक लिहायला शिकलो. मऊ पेन्सिल, मागची बाजू, खालचा डावा कोपरा, इतका बारीक की शोधल्याशिवाय दिसू नये. शिक्क्याची गादी मी कपाटात मागे टाकून दिली. आणि निवृत्तीला चार दिवस उरले असताना दारात रिक्षा थांबली.

अव्वा फार वाकल्या होत्या. मल्लिनाथांनी हात धरला होता, दुसऱ्या हातात टॉवेलमधे गुंडाळलेलं ओळखीचं काहीतरी.

"नातवाकडं चाललो, पुण्याला, कायमचं," अव्वा म्हणाल्या. "अकराव्या मजल्यावर ऱ्हातो. भाड्याचं घर. भिताडाला खिळा मारू देत न्हाईत म्हने. अज्जाला काय कपाटात ठिवू? हितं ऱ्हाऊ द्या. पोरं येत्यात, बगतील. देणगी म्हनून लिवा. या टायमाला खरं."

हे चित्र मिळावं असं मला किती वर्षं वाटत होतं ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "अव्वा, मग जेवण कसं होणार?"

मल्लिनाथ हसायला लागले. "त्यांनी आठ दिवस तपासून बगितलंय, साहेब. नातवानं फोन दिलाय, त्यात अज्जाचा फोटो. रोज फोनच्या काचेवर विभूती. राखेनं आता फोन उचलायला बोट चालत न्हाय, पन भाकरी जाती."

"घास उतरतो," अव्वांनी खात्री दिली. "बाईंनीच सांगितलं व्हतं की. एका पत्र्यावरनं लई निघत्यात. ह्यो बी एक निगाला."

मॅडम आत होत्या, त्या धावत आल्या. दानपत्र मी स्वतः लिहिलं, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, मल्लिनाथांना दोनदा. अव्वांनी कन्नडमधे सही केली, गिरिजव्वा. नोंदवहीत माझ्या हातची ती शेवटची ओळ. 'कशी मिळाली' या रकान्यात 'देणगी' मी सावकाश लिहिलं, तरी अक्षर जरा वाकडं आलं आहे, कुणालाही बघता येईल.

"शिक्का न्हाय मारत?" अव्वांनी विचारलं.

"आता मारत नाही, अव्वा. मागे पेन्सिलीनं लिहितो."

त्यांनी काचेजवळ डोळे नेले, जांभळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आदीचाच हाय की. तवा खोटा व्हता, आता खरा झाला."

मग त्यांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि डब्याचं झाकण उघडलं.

"ऊटा आतेन्री?"

माझं जेवण झालेलं होतं. तरी मी नाही म्हटलं.